देवघरातला कप

निम्म्या मिरच्यांचे देठ खुडून झाले होते, निम्म्या अजून अंगणात गोणपाटावर तशाच पसरलेल्या होत्या. धनुबाईचे हात कोपरापर्यंत झोंबत होते. असल्या हातांनी तापलेल्या लेकराच्या कपाळाला शिवायची सोय नाही. म्हणून ती मधूनमधून उठून आत जाई, खाटेवरच्या सुपडूच्या कपाळाला आपला गाल लावून बघे आणि पुन्हा येऊन मिरच्यांपुढे बसे. काल थंडी वाजून ताप आला होता. आज थंडी नव्हती, पण ताप हटत नव्हता.

शेजारची रंजनाबाई देठ खुडायला येऊन बसली होती. पण तिचे हात मिरच्यांत नि कान मैदानाकडे. आज गावच्या इंग्रजी शाळेचा अमळनेरच्या शाळेशी फुटबॉलचा शेवटचा सामना होता. धनुबाईचा नवरा पितांबर हा शाळेचा ड्रिल मास्तर. त्याच्या हाताखालची पोरं गेली सात वर्षं कुणाकडूनच हरली नव्हती. शहाद्याचे आले, धुळ्याचे आले, सगळे मान खाली घालून गेले. सामना जिंकला की आधी मैदानावर ढोल वाजायचा आणि मग आरोळ्या ऐकू यायच्या, हे आता गल्लीतल्या बायांनाही पाठ झालं होतं.

ऊन भिंतीवर चढलं तरी ढोल वाजेना.

"ढोल काबर नही वाजना अजून?" धनुबाईने विचारलं.

"ढोलवाला कोठे तरी पडना व्हई दारू पीसन," रंजनाबाई म्हणाली. "मागला सालले त्याले दोन जनास्नी धरीसन उभा करा, तव्हय वाजाडं त्यानं."

एरवी धनुबाई हसली असती. आज तिने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि एकच मिरची दोनदा खुडली.

गावाला शाळेच्या नावाची काळजी होती, पितांबरला आपल्या पोरांची. धनुबाईची काळजी निराळी होती आणि ती लोकांना सांगण्यासारखी नव्हती.

तिचं माहेर धानोऱ्याचं. लग्नानंतर दोन मुलगे झाले नि दोन्ही वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा सासूने त्याला सुपात घातलं आणि ते सूप उंबऱ्यावरून ओढत बाहेर नेलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. म्हणून तो सुपडू. पण सुपडूही दोन दिवस अंगावर पीत नव्हता. धनुबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याच संध्याकाळी पितांबर चांदीचा फिरता कप घेऊन घरात आला. शाळेने तो पहिल्यांदाच जिंकला होता, आणि शाळेत कुलूपवालं कपाट नव्हतं म्हणून हेडमास्तरांनी सांगितलं, मास्तर, तुमच्याकडेच ठेवा. पितांबरने तो कोनाड्यात ठेवला. सासू म्हणाली, चांदीची वस्तू आहे, विजयाची आहे, देवाजवळ ठेव. कप देवघरात गेला, कुळदेवीच्या टाकाशेजारी बसला, आणि दिवा लागायच्या वेळी पोराने तोंड उघडून दूध ओढलं.

धनुबाईला तेवढं पुरे होतं. तेव्हापासून कपाला रोज देवांबरोबर स्नान, हळदकुंकू, तुळशीचं पान. सकाळी त्यातलंच पाणी तीर्थ म्हणून सुपडूच्या तळहातावर. फुटबॉल तिने जन्मात पाहिला नव्हता. पण सामन्याच्या दिवशी तिचा तोंडातला जप थांबत नसे. कप घरात राहिला की पोराचं एक वर्ष मिळालं, असा तिचा देवाशी करार होता. पितांबरला एकदा बोलली तेव्हा तो हसून म्हणाला, "कपले काय समजस? भांडं शे ते." पण त्यानेही कप कधी देवघरातून हलवला नाही.

रंजनाबाईचा नवरा दोधू फाटकातून आत आला. धोतर धुळीने भरलेलं होतं, टोपी हातात होती.

"हारनूत," तो म्हणाला. "शेवटला घटकाले गोल व्हयना. आपला पोऱ्या पाय घसरीसन पडना नि चेंडू मझार गया."

"नि कप?" धनुबाईने विचारलं.

"कप आते त्यास्ना. सकायनी गाडीवर लई जातीन."

रंजनाबाई उठून नवऱ्यामागे घरी गेली. धनुबाई आत गेली. सुपडूच्या कपाळाला गाल लावला. मघापेक्षा जास्त तापलं होतं. निदान तिला तसं वाटलं. मग ती देवघरापुढे उभी राहिली. हात जोडायचं तिला सुचलं नाही. सात वर्षं ज्याला देव म्हणून पुजलं त्याला कुणीतरी परका माणूस बगलेत मारून गाडीत चढणार, आणि मागे हे पोर. करार मोडला तो तिने नव्हे, पण मोडला की मोडला. देव कारणं विचारत बसत नाही.

तिने कप उचलला आणि अंगणात नेऊन खुडलेल्या मिरच्यांच्या पोत्यात, हात जाईल तितका खोल दाबला. "माले माफ कर," एवढंच ती म्हणाली. वर आणखी मिरच्या ओतल्या.

पितांबर आला तेव्हा कंदील लागले होते. कॅनव्हासचे बूट न काढताच तो उंबऱ्यावर बसला.

"हेडमास्तर काय म्हनना?" तिने विचारलं.

"काहीच नही. बोलना व्हता तं बरं व्हतं." त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "पोरं रडनात. मी नही रडनू."

मग पाणी प्यायला तो आत गेला आणि देवघरापाशी थबकला.

"कप कोठे शे?"

"माले नही माहीत."

"सुपडूनी माय, कप कोठे शे?"

"तुम्हना पोऱ्याना जीव शे त्यामा. मी तो कप देवाव नही."

"गाव माले चोर म्हनी. हारना तो हारना, नि वर चोर भी."

"म्हनू द्या. चोरना पोऱ्या जित्ता तं ऱ्हाई."

पितांबरने कोठी बघितली, ट्रंक उघडली, चुलीमागे कंदील धरला. खाटेखाली वाकला तेव्हा सुपडू ग्लानीत बरळला, आणि तो तसाच वाकलेला, हात जमिनीवर टेकून थोडा वेळ राहिला. मग जेवला नाही नि झोपलाही नाही.

सकाळी तो तोंड धुऊन बाहेर पडला. अमळनेरवाल्यांना काय सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं, तरी ते धर्मशाळेत उतरले होते तिकडे निघाला. धनुबाई पोरापाशी बसली. सुपडूचे ओठ फुटले होते.

"माय, तीर्थ दे."

तिने वाटीतलं पाणी पुढे केलं. पोराने मान फिरवली.

"कपमधलं."

ती अंगणात गेली. पोत्यात हात घालून कप काढला, वरून तांब्याभर पाणी ओतून घाईघाईने धुतला, भरला, तुळशीचं पान घातलं. आज तळहातावर नाही दिलं, कपच ओठांना लावला. सुपडूने घटाघट दोन घोट घेतले आणि किंचाळला.

मिरच्यांचं बी तळाच्या खोबणीत अडकून राहिलं होतं. "माय, आग व्हई ऱ्हायनी," म्हणत तो तोंड ओरबाडू लागला. तिने ओठ पुसले ते त्याच हातांनी. मग पोर डोळेही चोळू लागलं. धनुबाई नुसतं "देवा, देवा" करत होती आणि ज्या ज्या ठिकाणी तिचा हात लागत होता तिथे तिथे पोर आणखी ओरडत होतं.

ओरडा ऐकून रंजनाबाई धावत आली. तिने दुधाची वाटी आणली, पोराला मांडीवर घेतलं, पदराच्या ओल्या टोकाने डोळे धुतले. "तू सरक. तुन्हा हात लावू नको त्याले," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात माणसं आली. पुढे पितांबर, मागे अमळनेरचे ड्रिल मास्तर आणि शाळेचा शिपाई. पितांबरने कसं तरी बोलायला तोंड उघडलं आणि बायकोच्या हातातला कप बघून मिटलं.

"वहिनी, मुलाला बरं नाही का?" पाहुणे म्हणाले. "आम्ही नंतर येतो."

"थांबा," धनुबाई म्हणाली. "तुम्हनाकडे यानी पूजा कोन करस?"

पाहुण्यांनी पितांबरकडे पाहिलं. मग खरं तेच बोलले. "पूजा नाही होत, वहिनी. काचेच्या कपाटात असतो. शिपाई शनिवारी फडक्याने पुसतो."

धनुबाईने कप पुन्हा धुतला, या वेळी नीट, राखेने घासून. देवघरात नेऊन ठेवला. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. गणपती हलवतात तसा जागचा थोडा हलवला. हलवताना कप टाकावर आपटला. मग तो पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी कुंकू पुसलं नाही, रुमालात गुंडाळून घेतला. पितांबर त्यांच्याबरोबर स्टेशनापर्यंत गेला. हरलेल्या मास्तराने तेवढं करायचंच असतं.

आता देवघरात कपाच्या ठिकाणी नुसती एक गोल कोरडी जागा होती. सुपडू रडून रडून थकला होता. अंग भट्टीसारखंच होतं.

"कोयनेल आन, हिवतापनं औषध," रंजनाबाई म्हणाली. "मन्हा भाऊना ताप कोयनेलनं उतरना व्हता. दवाखानावाला देस, बाटली आपली लई जावो लागस."

"नि नही उतरना तं?"

रंजनाबाईने पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

धनुबाईने एक रिकामी बाटली घेतली, गरम पाण्याने विसळली, आणि कोयनेल आणायला ती सरकारी दवाखान्यात गेली.