बिल्ल्याची पाठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते जुन्या बाजारात चादर अंथरून लष्करी टोप्यांवरचे बिल्ले विकणाऱ्या चाचांचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वाशीमकडच्या एका लहान गावातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि रविवारी जुनी पुस्तकं शोधायला त्या बाजारात जाऊ लागलो. एकदा उन्हानं चक्कर आली, तेव्हा चाचांनी मला शेजारी बसवून पाणी दिलं. पुढची चार वर्षं मी दर रविवारी तिथेच बसलो.

त्यांच्यापुढे दोन डबे असत. एकात अस्सल जुने बिल्ले, दुसऱ्यात नकला. नक्कल ते नक्कल म्हणूनच विकत. गिऱ्हाईक नसलं की एक बिल्ला माझ्या तळहातावर ठेवून विचारत, "बोला इंजिनिअर, कोणत्या डब्यातला?" मी तो पुढून न्याहाळू लागलो की हसत. "चेहरा काय बघतोस? सोयरीक जमवायचीय का? पाठ बघ."

जुना बिल्ला पितळी पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो, म्हणून पुढे जे उंच ते मागे तितकंच खोल. बाजारातली नक्कल बहुतेक ओतीव. तिच्या पाठीवर बारीक पुरळ असतं आणि रेषा सगळीकडे सारख्याच बोथट. त्या वेळी मला ही केवळ करमणूक वाटायची.

शिक्षण झालं, हिंजवडीत नोकरी लागली, तरी शिकतानाची वाघोलीतली भाड्याची खोली मी सोडली नाही. कंपनीच्या बसमध्ये रोज चार तास जातात, मित्र वेड्यात काढतात. पण खोलीचे मालक, ज्यांना मी काका म्हणतो, त्यांच्या घरी मी विद्यार्थी असल्यापासून जेवतोय. काका सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांचे वडील पलटणीत होते.

गेल्या वर्षी वाघोलीच्या शाळेच्या भिंतीवर जुन्या सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. काकांच्या वडिलांचे कागद वाळवीनं खाल्लेले. समितीनं सांगितलं, कागद नसतील तर पलटणीची एखादी खूण दाखवा. काकांनी देवघरातला वडिलांचा बिल्ला नेला. समितीनं पारखायला शहरातले एक संग्राहक बोलावले होते. त्यांनी बिल्ला दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "अहो, हा बिल्ला आपल्या वडिलांचा नाही, फार तर आपल्या नातवाचा असेल."

लोक हसले. काका घरी आले ते थेट माझ्या खोलीत. "तू त्या चाचांकडं शिकलायस. तूच सांग, खोटा हाय का?"

मी नुकताच बसमधून उतरलो होतो. बिल्ल्यावरचा मधला बिगूल जवळजवळ सपाट झालेला, भोवतीची पानं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत, मागे डागलेली सेफ्टी पिन कडेनं डोकावणारी. जुन्या बिल्ल्याला पिन नसते, टोपीत अडकवायच्या कड्या असतात; पिन बघितली आणि मला वाटलं, झालं, उलटा करूनही बघितला नाही. "काका, नकलेसारखाच दिसतोय."

"बरं," म्हणाले आणि बिल्ला रुमालात गुंडाळून घेऊन गेले. त्या दिवसापासून ते वडिलांबद्दल बोलायचे थांबले. फलकावरून एक नाव गळणार होतं, आणि ते गाळण्यात आता माझाही हात होता.

मग खंडेनवमी आली. सकाळी काकू नळापाशी चिंच आणि राख घेऊन काकांचे पाने, कोयता, विळी घासत होत्या. शेवटी त्यांनी बिल्ला उचलला.

"काकू, हा पण घासता?"

"मग? मामंजींचं हत्यार ते. आधी सासूबाई घासायच्या, आता मी. पूजेला काय काळा ठेवायचा?"

"आणि मागून?"

"मागं पिन टोचती रे! लग्नाकार्यात फेट्याला लावायला मामंजींनीच सोनाराकडनं बसवून घेतली, आणि भोगायचं मी!"

मी बिल्ला त्यांच्या ओल्या हातातून घेतला आणि उलटा केला. पाठ काळीकुट्ट होती. त्या काळ्यात बिगुलाची दोरी पिळासकट खोल उतरली होती, एकेका पानाची शीर दिसत होती. पिनेच्या दोन बाजूंना, टोपीत अडकवायच्या मूळ कड्या तुटल्याचे दोन खुंट. पुढूनही पानांच्या बेचक्यांत, जिथे बोट पोचत नाही तिथे, रेषा धारदार होत्या. ओतताना बोथट झालेलं नव्हतं हे. दोन पिढ्यांच्या भक्तीनं झिजलं होतं. आणि मी चेहरा बघून निकाल दिला होता!

पुढच्या रविवारी आम्ही समितीपुढे गेलो. मी संग्राहकांना म्हणालो, "सर, एकदा पाठ बघाल?"

"आपण कोण?"

"जुन्या बाजारातला विद्यार्थी."

"वा. विद्यापीठ चांगलं निवडलंत," म्हणत त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. दोरीच्या पिळावरून, तुटक्या खुंटांवरून ते फिरवलं. मग त्यांनी बिल्ला काकांच्या हातात दिला, दोन्ही हातांनी. "अस्सल आहे. चूक माझी." हे वाक्य या शहरात मी पहिल्यांदाच ऐकलं. अध्यक्षांनी तिथेच यादीत नाव लिहिलं. काकांनी ते तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं आणि तिसऱ्या वेळी खाडकन सॅल्यूट ठोकला.

चाचा आता सोलापूरला लेकीकडे असतात. कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम.

तुम्ही शिकवलेलं मी विसरलो आणि एका भल्या माणसाला त्याच्या बापाबद्दल शंका घ्यायला लावली. मग तेच आठवलं, आणि ते नाव फलकावर चढलं. संग्राहकसाहेबांनी भर सभेत चूक मान्य केली. माझी चूक मी काकांजवळ कबूल केली. ते म्हणाले, 'जाऊ दे, जेव आता.'

पदवी मिळाली तेव्हा घरच्यांना तिचं नेमकं काय करायचं हे कळलं नव्हतं, मलाही फारसं नाही. त्या रविवारी मात्र शिकल्याचं सार्थक झालं असं वाटलं, आणि ते शिक्षण तुमचं होतं.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी फलकाचं उद्घाटन आहे. पहिला हार तुमच्या हातून पडावा असं काकांनी समितीला सांगून टाकलंय, विचारलं नाही. मी आदल्या दिवशी, शनिवारी, सोलापूरला येतो. रविवारी सकाळच्या गाडीनं स्वारगेटला उतरू, तिथून काका स्वतः गाडी चालवत न्यायला येणार आहेत. नाही म्हणू नका. काकूंनी पुरणाचं सामान आणून ठेवलंय."