यंत्राने टाकलेला आकडा

नौदलाच्या आमच्या हवामान कक्षात पेन्सिलकाकांना सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. काका म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं उरलेले जुने नकाशाकार. वारा, लाटा, हवेचा दाब, सगळ्याचे नकाशे आता कॉम्प्युटर काढतो. तो बसवून घेतलाही काकांनीच. तरी रोज सकाळी हातात पेन्सिल घेऊन ते एकच कागद वाचत बसायचे. जहाजांकडून आलेला एखादा आकडा कॉम्प्युटरच्या हिशोबात बसला नाही, की तो चुकीचा समजून बाजूला टाकला जातो. अशा आकड्यांची ती टाकाऊ यादी.

"काका, कचऱ्यात सोनं सापडतं का हो?" मी विचारायचे.

"रोज कुठलं सापडायला? म्हणून तर रोज बघावं लागतं."

त्या दिवशीचा नकाशा कसा गोजिरवाणा होता! समुद्र शांत, वारा मंद. दुपारी बाराला एक छोटी सर्वेक्षण बोट निघणार होती, आणि तिच्यावर माझा धाकटा भाऊ. त्याची पहिलीच फेरी. हे मी कक्षात कुणाला बोलले नव्हते. बोट सोडायला हरकत नाही म्हणून नकाशावर सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात काका आले.

"थांब जरा. या मालवाहू जहाजाने हवेचा दाब नकाशापेक्षा पंधरा मिलिबारने कमी कळवलाय."

"वाचायला चुकले असतील. यंत्राने उगाच टाकलाय का तो?"

"अगं, हे जहाज तीन वर्षं दाब एकाने जास्तच सांगतंय, कमी कधीच नाही. यंत्राला तिथे वादळाची अपेक्षाच नव्हती, म्हणून त्याने खऱ्याला खोटं ठरवलं."

तासभर जहाजाला विचारत राहिलो, उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. "एका आकड्यापायी बोट अडवायची? लोक आपल्याला वेड्यात काढतील!"

"काढू देत. सही मी करतो. शिव्याही मीच खाईन."

त्यांनी नकाशावर त्या आकड्याभोवती दाबाच्या रेषा हाताने ओढल्या, एकीला एक खेटून, आणि खाली लिहिलं, 'वादळ. बोट सोडू नये.' बोट थांबली. आमच्या साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

तीन वाजता खिडक्या धडधडायला लागल्या. चारला जहाजाचं उत्तर आलं. अँटेना मोडला होता, लाटा सात मीटर, जहाज मागे वळवलंय, सगळे सुखरूप. सात मीटर! आमच्या बोटीचं काय झालं असतं?

काका म्हणाले, "आधी त्यांना कळव, आकडा तुमचाच बरोबर होता. बिचाऱ्यांनी खरं सांगितलं आणि आपण त्यांना खोट्यात काढलं."

कळवलं. मनापासून आभार मानले. मग काकांकडे वळले आणि एकदम रडूच फुटलं. "काका, त्या बोटीवर माझा भाऊ होता. तुमचे उपकार कसे फेडू?"

काकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"बरं झालं आधी बोलली नाहीस," ते म्हणाले. "पोरीच्या भावापायी घाबरून नसलेलं वादळ बघतोयस, असं मीच मला दटावलं असतं. आणि गप्प बसलो असतो."