राखणदाराला बोललेला कोंबडा

माझा पाय मोडला तेव्हा आईने मला न विचारता राखणदाराला कोंबडा बोलून टाकला. विचारणार तरी कसं म्हणा! पार्सेच्या उतारावर स्कूटर घसरली आणि मी दोन दिवस शुद्धीवरच नव्हतो. डोळे उघडले आणि पहिली बातमी काय, तर आमच्या काजूच्या भाटाच्या, म्हणजे बागेच्या, बांधावर झाडाखाली जो राखणदार आहे, घरादारावर नजर ठेवणारा, त्याला नवस बोललाय. मी वाचलो तर कोंबडा.

"मला डॉक्टरांनी वाचवलं," मी पडल्या पडल्या खेकसलो.

"मगे? डॉक्टराक बुद्धी कोणी दिली?"

झालं, विषय संपला. आईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कोंबडा घरचाच हवा होता, घरच्या अंड्यातून निघालेला. बाजारातला चालत नाही. आणि आमच्याकडे तेव्हा एकच गावठी कोंबडी उरली होती, ठिपक्यांची, भलतीच तापट. शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून रोज यायचा, त्यामुळे अंड्यांची काळजी नव्हती. ती खुडूक झाली तशी आईने तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवर बसवलं. ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून गवतात एक लोखंडी खिळाही ठेवला.

मी खाटेवर. हातात मोबाइल, करायला काही नाही. अंडी उबवायचं मशीन मागवलं. पिवळं प्लास्टिक, वर पारदर्शक झाकण, ऊब कमी झाली की पीं पीं करणारं. आईने ते चारी बाजूंनी पाहिलं.

"ह्या काय? इडल्यो करूक?"

"यात पिल्लं होतात आई. कोंबडीपेक्षा जास्त."

"माजी अंडी माका उकडूक दिवची नाय. कोंबडी पिल्लांका नुसती ऊब देता काय रे? बोलता तेंच्याकडे, अंड्यात आसतानाच."

मी हसलो. मशीन उशाशी रिकामंच राहिलं.

मग एका दुपारी कोंबडी दाणे टिपायला म्हणून टोपलीतून उठली, परसात गेली आणि मुंगसाने तिला नेलं. फणसाखाली पिसं तेवढी सापडली. आई माझ्या खोलीत आली ती पदरात अंडी घेऊन. डोळे लाल. अंडी अजून गरम होती.

"घाल," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती बाई मशीनजवळून हलेना! पाणी भरलंस काय, पीं वाजली काय, हजार प्रश्न. टोपलीतला खिळा आणून तिने झाकणावर ठेवला, तो मी तिथेच राहू दिला. मधूनमधून ती वाकून झाकणापाशी क्लक क्लक करायची. मी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

पिल्लं निघाली. चार-पाचच, पण निघाली. मला वाटलं, चला, जिंकलो. कसलं काय! कोंबडीखालची पिल्लं तिच्या मागून सगळं शिकतात. ही नुसती उभी. कणी टाकली तरी टकामका बघत राहायची. आई जमिनीवर बसून बोटाने टकटक करी, चोच मारल्यासारखी, तेव्हा कुठे ती टिपायला लागली. घारीची सावली आली की आई "हुश्श" करून त्यांच्यावर पदर टाकायची. तरी मांजराने नेली, घारीने नेली, आणि शेवटी एकच उरलं. तो कोंबडा निघाला. तांबडाभडक.

तो आईला क्षणभर सोडीना. ती भाजी चिरायला बसली की हा तिच्या पावलावर. ती पोदेराकडून पाव घ्यायला फाटकापर्यंत गेली की हा मागून. मी हात लावला तर टोचायचा. आईने आयुष्यात कोंबडे कमी कापलेत? पाहुणे आले की स्वतः मान धरायची आणि वड्यांचं पीठ मळायला घ्यायची. पण ते कोंबडे कोंबडीचे होते. हा तिचा होता.

माझं प्लास्टर निघालं, मी चालू लागलो, आणि नवस फेडायची वेळ आली. "तुरो अजून बारको असा," ती म्हणाली. मग म्हणाली, अमावास्या होऊ दे. मग चतुर्थी होऊ दे. शेजारची काकी कुंपणावरून ओरडली, "गो, कोंबड्याचा लगीन करून मगे देतलंस काय?" आई हसली नाही. मी जरा लंगडलो की तिचं तोंड उतरायचं. नवस राहिला तर राखणदार माझ्या पायावर उठेल, ही भीती तिला आतून पोखरत होती. दुसरा कोंबडा आणतो म्हटलं तर अंगावर आली, "देवाक फसयतलंस?"

एके दिवशी विहिरीपाशी माझा पाय सटकला. पडलो नाही, पण तिने पाहिलं. दुसऱ्या सकाळी तिने कोंबड्याचे पाय धुतले, त्याला काखेत घेतलं आणि म्हणाली, "चल."

झाडाखाली देवाला गाऱ्हाणं घालणारे मामा सुरी, नारळ, रोट घेऊन तयार होते. त्यांनी हात पुढे केले. आई देईना. कोंबडा तिच्या काखेत मान खुपसून स्वस्थ. मग तिने स्वतःच सुरू केलं. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत.

"बा राखणदारा, ह्येची आवस मुंगसान नेली. मगे मीच ह्येची आवस झालंय. तू माजो झील माका परत दिलंस, तुका आवशीचा काळीज ठावक असा. आता आवशीकडसून पोर मागू नको. रोट घे, नारळ घे, फेणीची एक बाटली जादा घे. रागावलंस तर माज्यार रागाव. ह्येच्या पायार नको."

मामांनी सुरीकडे पाहिलं, मग आईकडे. सुरी पिशवीत टाकली आणि नारळ फोडला.

परत येताना ती कोंबड्याला घेऊन माझ्या मागून चालत होती. माझा पाय बघत होती. घराकडच्या चढावर मला रोज कळ येते, रोज मी तिथे लंगडतो. त्या दिवशी दातओठ खाऊन सरळ चाललो, घरापुढच्या बाल्कावच्या पायऱ्यासुद्धा न थांबता चढलो. अजूनही ती मागून येत असली की मी सरळच चालतो.