जोतीरामआण्णांनी दाबलेलं बक्षीस

उचगावात जोतीरामआण्णांचं पशुखाद्याचं दुकान आहे, पण त्यांना दुकानावरून ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. आण्णांची ओळख म्हणजे त्यांचा गळा. जिल्ह्यात कुठंही कुस्तीचं मैदान असो, निवेदनाला आण्णा हवेतच. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, आजा कुणाशी लढला होता, सगळं तोंडपाठ. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते चार घरांना ऐकू जाईल असं सांगतात. त्यांच्या बायकोचं, शालूबाईंचं, म्हणणं असं, की ह्यांच्या कानात काही सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

या गळ्याचा एक कायदा होता. पडलेल्या पैलवानाला आण्णा कधी ‘हरला’ म्हणाले नाहीत. कुणी चितपट झाला की आधी त्याचंच नाव घ्यायचे, चांगली लढत दिली म्हणायचे, त्याच्या गावासाठी टाळ्या मागायचे आणि मगच विजेत्याकडं वळायचे. पडलेल्याचा बाप गर्दीत कुठंतरी बसलेला असतो, हे ते कधी विसरत नसत. माणूस मोठ्या मनाचा, यात वाद नाही. पण मोठं मनही कधीकधी घोटाळा करतं, आणि आण्णांनी तो भर सभागृहात माईक हातात घेऊन केला.

त्याचं असं झालं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. जीवशास्त्र आणि डिझाइन यांची सांगड घालायची, म्हणजे जिवंत गोष्टींच्या मदतीनं रोजच्या वापरातल्या वस्तू घडवायच्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा घसा ऐन वेळी बसला. स्पर्धा भरवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम मूळच्या उचगावच्या, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेल्या. त्यांनी सरळ आण्णांना फोन लावला. आण्णा फेटा बांधून हजर.

कुणाची जोड कुणाशी हे माहीत नसताना निवेदन करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून सकाळी ते सगळी टेबलं बघत फिरले. कुणी जलपर्णीचा कागद केला होता, कुणी जिवाणूंकडून कापड रंगवून घेतलं होतं. कुरुंदवाडच्या आदितीच्या टेबलापाशी मात्र ते थबकले. तिथं सगळं कुजकंच. उसाच्या चिपाडांवर अळंबी वाढवायची, तिच्या पांढऱ्या तंतूंनी चिपाडं घट्ट बांधली गेली की त्यांचा चपलेसाठी तळ करायचा, असा तिचा बेत होता. एका तळाचा भुगा झाला होता, एकाला हिरवी बुरशी लागली होती आणि एकातून चक्क छत्र्या उगवल्या होत्या. कुठला तळ का बिघडला हे पोरगी येईल त्याला हसत हसत समजावून देत होती.

शेजारी तिचे वडील तात्यासो तोंड पाडून उभे. वांग्याची शेती करणारा माणूस; किडका माल बाजारात मांडायचा नसतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पोरीनं वर्षभर घरात नुसती चिपाडं कुजवली, असं त्यांनी आण्णांना ऐकवलं. आज काही हाताला लागलं तर ठीक, नाहीतर हा विषय बंद आणि उद्यापासून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. आदितीचं हसू तेवढ्यापुरतं मावळलं. आण्णांचा जीव त्या पोरीत अडकला तो तिथंच.

संध्याकाळी बक्षिसं सुरू झाली आणि आण्णांनी सभागृहाचा आखाडा करून टाकला. उत्तम वस्तू, उत्तम मांडणी, प्रेक्षकांची पसंती. प्रत्येकाचं गाव, त्याचे सर, त्याची आई, कुणाला सोडलं नाही. परीक्षक आधी दचकले, मग तेही टाळ्या पिटू लागले. मग आण्णांनी शेवटचं पाकीट उघडलं. विभाग, सर्वोत्तम अपयश. विजेती, आदिती, कुरुंदवाड.

आण्णांनी माईक तोंडापासून लांब धरला. अपयशाला बक्षीस, ही कसली शिकल्यासवरल्यांची थट्टा? भरल्या सभेत पोरीला नापास म्हणायचं, तेही समोर बाप बसलेला असताना? त्यांनी पाकीट गुपचूप खिशात घातलं, समारंभ संपल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना चहाला पिटाळलं. एका लेकराची अब्रू वाचवली या समाधानात त्यांनी स्वतःही कप उचलला.

तेवढ्यात प्रियदर्शनी मॅडम उरलेलं सन्मानचिन्ह घेऊन धावत आल्या. आण्णांनी छाती पुढं काढून काय केलं ते सांगितलं, तसा मॅडमनी कपाळाला हात लावला. ज्यानं आपली चूक लपवली नाही, उलट मागून येणाऱ्याला वाट दाखवली, त्याच्यासाठी हे बक्षीस होतं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच घालवला होता. आण्णांना चहा कडू लागला. पोरीची अब्रू वाचवायच्या नादात आपण तिची वाटच बंद केली, हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. खिडकीतून बघतात तर तात्यासो फाटकाशी मोटरसायकलला किक मारतायत.

माईकवाल्यानं वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या. आण्णा तसेच पायऱ्यांवर आले आणि बेंबीच्या देठापासून हाक घातली, "कुरुंदवाडच्या आदिती तात्यासो, माघारी या. तुमची कुस्ती अजून सुटल्याली न्हाय."

चहाची रांग मोडून लोक बाहेर आले. बापलेक परत आली. आण्णांनी तात्यासोंपुढं हात जोडले. "पावणं, बक्षीस मगाशीच मिळाल्यालं. मी दाबून ठिवलं. नाव वाचून लाज मला वाटली, पोरीला न्हाय." मग त्यांनी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं त्या बक्षिसाचं नाव उच्चारलं, अपयश या शब्दासकट. "हिचं काम फसलं. पर फसल्यालं चारचौघांत मांडायला जी छाती लागती, ती मी अजून एका पैलवानाजवळ बघितली न्हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आदितीनं सन्मानचिन्ह घेतलं आणि हळूच म्हणाली, "मामा, मला इचारायचं तरी की."

"आमची वांगी दरसाल फसत्यात, आमाला कुणी ढाल दिली न्हाय," एवढंच तात्यासो बोलले आणि लोक हसले. पण त्यांचं लक्ष हसण्याकडं नव्हतं. त्यांनी लेकीच्या पेटीतनं हिरवी बुरशी लागलेला तळ उचलला, बोटानं दाबला, नाकाशी धरला. वर्षभर घरात असलेल्या त्या वस्तूला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता.

"पाणी जास्त झालं व्हय गं?"

आदितीनं मान हलवली.

"आमच्या रोपास्नी बी अशीच बुरशी धरती. म्होरल्या वर्साला पाणी हात राखून घाल," तात्यासो म्हणाले आणि तो तळ त्यांनी जपून पेटीत ठेवला.