हळदीचं पाणी

इंग्लंडमधल्या बाथ शहरात लेकीबरोबर दोन दिवस गेले होते. तिथल्या जुन्या स्नानकुंडातून वाहणाऱ्या गरम पाण्याने दगड हळदीसारखे पिवळे झाले होते. पाणी पिऊ नका, अशी पाटी वाचून लेक हसली, “आई, लोकांनी आंघोळ केलेलं पाणी कोण पिणार गं?”

मला एकदम माहेर आठवलं.

लातूर नुकता जिल्हा झाला होता, मुरुडात दुष्काळ होता आणि त्यातच माझी हळद. मला बाजेवर बसवून न्हाऊ घातलं, खाली पाणी धरायला घंगाळ. शेजारच्या शांताकाकू म्हशीसाठी ते पाणी न्यायला आल्या. वाकल्या, पिवळ्या पाण्याची ओंजळ भरली आणि घटाघटा प्यायल्या.

“काकू!” मी किंचाळले.

पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, “कुनाला सांगू नकू, पोरी.”

लेक अजून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “कुणी नाही.”