फिंटन बोहनने मुद्दाम मारलेला गोल

फिंटन बोहन आठवडाभर गायी गाभण करतो. म्हणजे रीतसर, थंड डबा आणि खांद्यापर्यंतचा हातमोजा घेऊन, आयर्लंडमधल्या लीट्रिम परगण्यात, आमच्या टापूतल्या गोठ्यागोठ्यांतून. आणि रविवारी तो ड्रमलाहरच्या संघात गेलिक फुटबॉल खेळतो, हातापायांनी खेळायचा तो आमचा फुटबॉल, उजव्या कोपऱ्यातला फॉरवर्ड म्हणून. आता ही दोन कामं एकाच माणसाच्या वाट्याला आल्यावर गावाने गप्प बसायचं म्हणजे गावाचा अपमान.

"काय रे फिंटन, गायींना फळ धरतं, तुझ्या पायालाच का धरत नाही?"

"तुझी गाय निदान उभी तरी राहते," फिंटन उलट फेकायचा. "मला तर आपला मॅनेजर कॉन मल्वी गोलसमोर उभंच राहू देत नाही."

हे मात्र खरं होतं. वीस-बावीस वर्षांचा असताना या माणसाने काय खेळ केला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि उगाच कौतुक करायचा माझा स्वभाव नाही, माझ्या तक्रारी वाचणाऱ्या काउन्सिलच्या कुठल्याही इंजिनियरला विचारा. डाव्या पायाने, उजव्या पायाने, पडता पडता, एकदा तर एक बूट चिखलात सोडून, हा गोलच्या आडव्या दांडीवरून चेंडू घालायचा. दांडीवरून गेला की एक गुण, खाली जाळीत गेला की तीन. फिंटनने एकट्याने मारलेल्या गुणांवर आम्ही अख्खे सामने काढले. तो स्वतःही हे सांगतो, आणि दर खेपेला त्यात थोडी भर घालतो. विनय त्याच्या घरात कुणालाच नाही.

मग संघ कॉनच्या हातात गेला. कॉनचा धंदा अंत्यविधीचा. काळा सूट, काळी लांब गाडी, हळू आवाज. खेळही त्याने तसाच केला. सगळ्यांनी मागे यायचं. फॉरवर्डनेसुद्धा मागे येऊन आपल्याच गोलसमोर भिंत करायची. चेंडू मिळाला की हाताने बाजूला, हाताने मागे, पुन्हा बाजूला, समोरच्याचा जीव कंटाळेपर्यंत.

"घाई करायची नाही," तो पोरांना सांगायचा. "गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही."

चीड याची येते की त्यामुळे आम्ही जिंकायला लागलो. आमचं बघून शेजारचे तसे खेळायला लागले, किंवा त्यांचं बघून आम्ही. यावर आजही भांडणं होतात. पण पूर्वी एकटा फॉरवर्ड जेवढे गुण मारायचा, तेवढे आता दोन्ही संघ मिळून होईनात. लोक मैदानाच्या कडेने गाड्या लावून आत बसूनच सामना बघतात, गुण झाला की हॉर्न वाजवतात. तर त्या दिवसांत तिथे नुसत्या झोपा लागायच्या. फिंटनची आई, डीलियाबाई, गाडीत बसून पेपरातलं निधनवार्तांचं पान वाचायची. "यात तरी नवीन काहीतरी असतं," म्हणायची.

बघता बघता फिंटनच्या दाढीत पांढरं आलं आणि गुडघा गेला. स्लायगोच्या डॉक्टरने ऑपरेशनला मंगळवारची तारीख दिली आणि सांगितलं, यानंतर चालायचं, पळायचं नाही. त्याच्या आधीच्या रविवारी आमची कार्नागॉरशी उपांत्य फेरी होती.

फिंटन माझ्याकडे आला. बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"थेडी, एक. देवाशप्पथ फक्त एक. एकदा चेंडू पलीकडे जाताना बघतो, मग कापू दे त्यांना काय कापायचं ते."

"मला काय सांगतोस? कॉनला सांग."

"कॉनला सांगितलं. तो म्हणाला, 'वाईट वाटलं ऐकून.' तो सगळ्यांना तेच म्हणतो रे! हात पण तसाच धरला माझा!"

पण त्याच वर्षी डब्लिनला बसून खेळाचे नियम करणाऱ्या शहाण्यांना उशिरा का होईना शहाणपण सुचलं होतं. नवा नियम आला: कसंही खेळा, प्रत्येक संघाचे तीन गडी कायम समोरच्याच्या अर्ध्या भागात राहिले पाहिजेत. कॉनला हा नियम म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखा लागला. शेवटी त्याने तीन नावं काढली. मागे असून नसून सारखेच असे तिघं. त्यात पहिला फिंटन. अपमान होता, पण फिंटनला तो हारासारखा गळ्यात घालावासा वाटला.

सामन्याच्या दिवशी पंचाचे नेहमीचे गोलमागचे सहायक कुठल्याशा लग्नाला गेलेले. म्हणून दोन्ही गावांतून माणसं घेतली आणि एक पांढरा कोट माझ्या अंगावर आला. दांडीवरून गेला तर पांढरं निशाण, जाळीत गेला तर हिरवं. उत्तरार्धात माझ्यासमोर कार्नागॉरचा गोल होता, त्यात त्यांचा गोलकीपर अल्टन मॅकगवर्न, आणि त्याच्यापुढे थोड्या अंतरावर आमचा फिंटन. बाकी सगळा खेळ पलीकडच्या टोकाला. इकडे निवांत गप्पा.

"फिंटन, ती काळी गाय पुन्हा उलटली रे, गाभ धरलाच नाही," अल्टन म्हणाला.

"तू फोन उशिरा करतोस. माज सकाळी दिसला तर सकाळी सांगायचं, जेवून झोप काढून नाही."

"बाप करू देत नाही. म्हणतो अजून थोडं बघू."

आणि एवढ्यात चेंडू आला. तिकडून कुणाच्या तरी पायाला लागून सुटला आणि टप्पे खात सरळ फिंटनच्या हातात. त्याला अडवणारा गडी चिखलात आडवा पडलेला. समोर अल्टन एकटा. गाड्यांमधली माणसं दारं उघडून उभी राहिली. मी दोन्ही निशाणं हातात घेतली.

फिंटन गर्रकन वळला आणि त्याने चेंडू हाताने मागे दिला.

मागे कोणी नव्हतं. चेंडू गवतातून घरंगळत गेला आणि रेषेबाहेर जाऊन थांबला.

लांबून कॉनचा आवाज आला, "हरकत नाही! दिशा बरोबर होती!"

फिंटन आपल्या हातांकडे बघत राहिला. जणू ते दुसऱ्याचे होते आणि याच्याकडे ठेवायला दिले होते. इतकी वर्षं हा कॉनच्या नावाने खडे फोडत होता, की मला सोडा, मग बघा. सोडलं, आणि कॉन आतूनच निघाला.

डीलियाबाईंच्या गाडीचं दार आपटलं. काठी टेकत, दोरीला वळसा घालून, म्हातारी थेट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"डीलियाबाई, इथे थांबायचं नाही," मी म्हणालो. "चेंडू लागेल."

"त्याचा? गोलच्या मागे? सगळ्या परगण्यात याहून सुरक्षित जागा नाही."

"आई, गाडीत बस ना," फिंटन कळवळून म्हणाला. "आपोआप वळलो गं मी!"

"आपोआप वळणारा पाय कुठला ते दाखव. मंगळवारी डॉक्टरला सांगते, गुडघा राहू दे, तोच काढ."

अल्टनला हसू आवरेना. फिंटनने त्याच्याकडे असं पाहिलं की ती काळी गाय जन्मभर भाकडच राहणार.

सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू आमच्याकडे, आणि आमची पोरं बाजूला, मागे, बाजूला. घड्याळ पळतंय आणि हे दळण दळताहेत! शेवटी एकाला कुठेच वाट सापडेना, तेव्हा त्याने नाइलाजाने फिंटनकडे दिला. अंतर बरंच होतं. कॉन दोन्ही हातांनी मागे, मागे अशा खुणा करत होता.

"मार रे गाढवा!" माझ्या कानाशी म्हातारी किंचाळली.

फिंटनने मारला.

उंच गेला. सुंदर गेला. अल्टनने मान वर केली, बघितलं, आणि हा दांडीवरून जाणार असं ठरवून टाकलं. मग तो मागे वळून माझ्याकडे बघायला लागला, पांढरं निशाण कधी उचलतो ते. बिचाऱ्याचा तरी काय दोष? इतक्या वर्षांत लांबून कोणी मारलंच नव्हतं. फॉरवर्ड संपले तसे उंच चेंडू वाचणारे गोलकीपरही संपले. तलावावरचा वारा आला, चेंडू हवेत दमला आणि अल्टनच्या पाठीमागून, डोक्यावरून अलगद उतरून जाळीत जाऊन बसला.

मी हिरवं निशाण उचललं. लगेच शिट्टी झाली.

पोरांनी फिंटनला खांद्यावर घेतलं, हॉर्न एकदम सुटले. पण त्याचा चेहरा पांढराफटक. खाली उतरल्यावर माझ्या कोटाची बाही धरून म्हणाला, "थेडी, मी दांडीवरूनच मारत होतो रे."

"दिसलं मला."

"कमी पडला."

"कमीच पडला," डीलियाबाई म्हणाल्या. "तुझा पाय मी ओळखते, मीच घडवलाय तो. फुकटचा मान घ्यायचा नाही, फिंटन. हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना खरं सांगून टाक."

फिंटनने जन्मात असलं काही केलं नव्हतं. पण आजचं वेगळं होतं. आयुष्यातला शेवटचा गुण. तो तरी आपला, स्वच्छ असावा, असं त्याला वाटलं असावं. क्लबच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचं मांडलेली. कॉन हळू आवाजात सगळ्यांना समजावत होता की हा गोल योजनेचाच भाग होता. फिंटन खुर्चीवर चढला, घसा खाकरला.

"मंडळी, त्या गोलबद्दल मला एक सांगायचंय."

आणि दारातून अल्टन आत आला. अंगावर तीच जर्सी, गुडघ्यांना चिखल. फिंटनला हात धरून खाली उतरवलं आणि चहाच्या मोठ्या भांड्यापाशी ओढत आणलं. मी तिथे कप भरत होतो.

"फिंटन, तो तू मुद्दाम मारलास ना?"

"म्हणजे, त्याचं असं आहे..."

"हे बघ. बाप बाहेर गाडीत बसलाय. गाडी सुरूच करेना. म्हणतो, चुकून पडलेल्या चेंडूवर गोल खाणारं पोर मी घरी नेणार नाही." अल्टनचा आवाज खाली गेला. "मुद्दाम मारला असशील तर मी एका मोठ्या फॉरवर्डकडून हरलो. असे आता राहिलेत कुठे? बाप समजून घेईल. पण चुकून असेल तर कार्नागॉरमध्ये मला तोंड नाही, फिंटन. माझ्या पोरांनाही नाही."

फिंटनने आईकडे पाहिलं. म्हातारीला सगळं ऐकू आलं होतं. तिने सँडविचचा घास सावकाश चावला, गिळला, आणि होकाराची मान हलवली. एवढंच.

फिंटन पुन्हा खुर्चीवर चढला.

"हां, तर तो गोल! मी आधी वारा पाहिला. म्हटलं, अल्टनसारखा गोलकीपर, सरळ मारून तर चालणारच नाही, हा वाघासारखा अडवणार. मग काय करायचं? उंच उचलायचा आणि शेवटच्या क्षणी मरेल असा कापायचा. पायाच्या तळव्याच्या बाहेरच्या बाजूने. हे कोणी शिकवत नाही आता."

"खरंय!" अल्टन मोठ्याने म्हणाला. त्याची पाठ ताठ झाली होती. "तसाच कापला होता. मी बघितलं."

"बाहेर जाऊन सांग ते," डीलियाबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाला तिथवर ऐकू जाणार नाही."

फिंटन लंगडत बाहेर गेला, मागे आम्ही सगळे. म्हातारा मॅकगवर्न दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला होता. फिंटनने काचेवर टकटक केली. काच इंचभर खाली आली. फिंटनने सगळं पहिल्यापासून सांगितलं; वारा, तळवा, कापणं, आणि आता त्यात सूर्याचा कोनही आला.

म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या पोराच्या जागी तू असतास, तर अडवला असतास?"

"मी?" फिंटन म्हणाला. "छे हो. माझा चेंडू मला पण अडवता आला नसता."

म्हाताऱ्याने शेजारच्या सीटवरची टोपी उचलून मागे टाकली आणि अल्टनसाठी दार उघडलं.