हिमनदीजवळच्या बाटल्या

२००६ च्या हिवाळ्यात मी सिएटलला समुद्रविज्ञानात पीएचडी करत होते. आमच्या लॅबमधला नागपूरचा एक मुलगा प्रोफेसरबाईंबरोबर ग्रीनलंडला जाऊन आला होता. तिथल्या एका फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांमध्ये लांबवर शिरलेल्या खाडीतून, त्याने पाण्याचे नमुने आणले होते. त्यातलं प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मायक्रोस्कोपखाली मोजायचं काम माझं.

खाडीच्या तोंडाकडच्या पाण्यात जीव भरपूर होते. हिमनदीजवळच्या बाटल्यांत मात्र नुसता राखाडी गाळ. थोडे कमी असतील हे मान्य, पण इतके कमी? हिमनदीजवळ बोट नेणं धोक्याचं असतं. हा तिथवर गेलाच नसेल, किनाऱ्यावरचं गढूळ पाणी भरून आला असेल, असं माझ्या मनाने घेतलं.

त्यातच एका दुपारी तो कोल्ड रूममध्ये बाटल्यांची लेबलं सोलून नवी चिकटवताना दिसला.

"शाई पसरली यार," तो म्हणाला. "वहीत बघून पुन्हा लिहितोय."

मी मान हलवली, पण विश्वास बसला नाही. मी रोज शेजारच्या बेलव्ह्यू शहरातून त्याच्याच गाडीतून लॅबला यायचे. त्या आठवड्यात तो साधं ट्रॅफिकबद्दल बोलला तरी मला वाटायचं, हा विषय बदलतोय.

बाईंनी वेगळ्या फेरीत हिमनदीजवळ स्वतः भरलेल्या काही जादा बाटल्या सील करून ठेवल्या होत्या. मी त्या मागितल्या. कशाला, असं त्यांनी विचारलं.

"माझं मोजणं चेक करायचंय," मी खोटंच सांगितलं.

दोन दिवस मोजलं. आकडे जवळजवळ तेच आले.

"हिमनदी खडक दळते आणि वितळलेलं पाणी तो चुरा समुद्रात आणतं," बाई म्हणाल्या. "त्या गढूळ पाण्यात उजेडच पोचत नाही. मग हे जीव वाढणार कशावर?"

घरी जाताना मी गाडीत त्याला सगळं सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला. "'तिला तुझ्या बाटल्यांबद्दल काही शंका आहे का,' असं बाईंनी मला विचारलं होतं."

"मग तू मला का नाही विचारलंस?"

"तू तरी मला कुठे विचारलंस?"

मी सॉरी म्हटलं. तो "इट्स ओके" म्हणाला आणि रेडिओ लावला. पण पुढची दोन वर्षं, कुठलीही बाटली उघडायची असली की तो मला शेजारी बोलावून घ्यायचा आणि वहीत माझी सही घ्यायचा.